सी ड्राइव्ह लाल, आणि काळी तीनचा अभंग

बुधवार, रात्री पावणेदोन

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय, आणि झोप न येण्याचं कारण मी स्वतःच आहे.

रविवारी सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. २४० जीबीची जुनी एसएसडी, त्यात ३ जीबी उरलेले, रेकॉर्डिंग चालू केलं की भीती वाटते मध्येच थांबेल. मग काय, चहा घेऊन साफसफाईला बसलो. डाउनलोड्स फोल्डर उडवला, त्यात प्लगइनचे (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायची वाद्यं आणि इफेक्ट) जुने इन्स्टॉलर होते तेपण गेले, म्हटलं परत मिळतात नेटवर. मग प्रोग्रॅम फाइल्समधला व्हीएसटीप्लगइन्स फोल्डर दिसला. सगळ्या जुन्या डीएलएल फाइली, म्हणजे व्हीएसटी२, प्लगइनचा जुना साचा. आता सगळं व्हीएसटी३ आहे, ते कॉमन फाइल्समध्ये वेगळं बसतं, मग हे डबल कशाला ठेवायचं? शिफ्ट डिलीट. जागा किती मिळाली, तर दीड जीबी. डोंगर पोखरून उंदीर.

आज संध्याकाळी बुवांचा फोन. २०१७ ला त्यांचा एक अभंग घरीच केला होता, तो आषाढीच्या आधी परत गायचाय पण "आता काळी तीन झेपत नाही रे, पांढरी तीनमध्ये कर." म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून दोन पट्ट्या खाली. तानपुरा, पॅड, पियानो सगळं मिडी होतं, म्हणजे आवाज नाही, नुसते सुरांचे आकडे, हवे तसे खाली-वर करता येतात, म्हटलं दहा मिनिटांचं काम, पखवाज तेवढा परत वाजवून घेऊ. रीपरमध्ये (माझं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट उघडला आणि समोर यादी आली, हे हे प्लगइन सापडत नाहीत. पाच.

आता कळतंय ते असं, की २०१७ च्या त्या प्रोजेक्टला व्हीएसटी२ वालाच हवाय. त्याच कंपनीचा तोच सिंथ, म्हणजे आवाज बनवणारं प्लगइन, व्हीएसटी३ मध्ये मशीनवर आहे, पण रीपरच्या लेखी तो वेगळाच प्राणी, आपोआप त्याच्या जागी जाऊन बसत नाही. व्हीएसटी बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी३ आणलं २००८ ला आणि व्हीएसटी२ चं नवीन लायसन्स देणं २०१८ मध्ये बंद केलं, पण मधली दहा वर्षं आपण सगळे व्हीएसटी२ च लावत होतो ना. जुने प्रोजेक्ट सगळे त्याच्यावर उभे आहेत. हे मला माहीत होतं की. रविवारी आठवलं नाही एवढंच.

गुरुवार

तीन परत आले. इन्स्टॉलर पुन्हा उतरवले, चालवताना व्हीएसटी२ वर टिक केलं (आधी नेहमी नेक्स्ट नेक्स्ट करायचो), जुन्याच फोल्डरमध्ये टाकले, रीस्कॅन, आणि प्रोजेक्टमध्ये आतल्या सेटिंगसकट उघडले. चौथ्याच्या नवीन इन्स्टॉलरमध्ये व्हीएसटी२ नाहीच, पण कंपनीच्या अकाउंटवर जुनं व्हर्जन होतं. पाचवा एक फुकट सिंथ, बनवणाऱ्याची साइटच बंद झालीय. त्यात मधल्या जागेला एक सूर होता, धुकट, फुंकर मारल्यासारखा. तो गेला.

मग डोकं शांत ठेवून विझट्री चालवलं, कुठला फोल्डर किती जागा खातो ते दाखवणारं, जे रविवारी पहिल्यांदा करायला हवं होतं. चित्र असं, की प्लगइन म्हणजे एकेक काही एमबीची फाइल, खरं खातात ते सॅम्पल, खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज. कोंटाक्ट नावाच्या सॅम्पल वाजवणाऱ्या प्लगइनच्या लायब्ररी ९६ जीबी! एक सिंथ प्रोग्रामडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये २० जीबी. आणि हायबरफिल नावाची एक फाइल सहा जीबीच्या वर, कारण हायबरनेट (बंद करताना रॅममधलं डिस्कवर लिहून ठेवणं) चालू आणि रॅम १६ जीबी. मी कधी हायबरनेट करतच नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ, एंटर, गेली. फास्ट स्टार्टअपपण जातं त्याच्याबरोबर, जाऊ दे. एक ओळ टाइप करायची होती फक्त, आणि मी डीएलएल उडवत बसलो होतो.

विंडोजमधल्या इन्स्टॉलर फोल्डरवरपण हात गेला होता, मोठा दिसत होता म्हणून. मित्राला फोन केला तर तो ओरडलाच, ते उडवलंस तर पुढे प्रोग्रॅम अपडेट पण होणार नाहीत आणि काढतापण येणार नाहीत. ठेवला.

कोंटाक्टच्या लायब्ररी दुसऱ्या एसएसडीवर कॉपी केल्या आणि कोंटाक्टच्या कंपनीच्या नेटिव्ह ॲक्सेस ॲपमध्ये नवीन जागा दाखवली, सोपं. साध्या हार्डडिस्कवर नाही टाकल्या मुद्दाम, सॅम्पल वाजता वाजता डिस्कवरून येतात, स्लो डिस्क असली की मध्येच टकटक. तो लपलेला सिंथ मात्र जागा बदलायचा ऑप्शनच देत नाही, त्याला जंक्शन केलं, म्हणजे जुन्या पत्त्यावर नुसती पाटी, फाइली नवीन जागी. रीपर बंद, फोल्डर नवीन ड्राइव्हवर कॉपी, जुन्याचं नाव बदलून शेवटी ओल्ड, मग एमकेलिंक स्लॅश जे, आधी जुना पत्ता मग नवीन, दोन्ही अवतरणात. सिंथला वाटतं सगळं जागच्या जागी आहे. वाजवून बघितलं, दोन जुने प्रोजेक्ट उघडून बघितले, मगच तो ओल्ड उडवला. आणि त्या नवीन ड्राइव्हला डिस्क मॅनेजमेंटमधून एस हे अक्षर पक्कं देऊन टाकलं, नाहीतर उद्या पेनड्राइव्ह लावला, अक्षर बदललं, की सगळं परत हवेत. प्रोग्रामडेटातल्या बाकीच्या फोल्डरांना हात लावला नाही, लायसन्सच्या फाइली तिथेच पडलेल्या असतात आणि नावावरून काही कळत नाही.

रीपरचं क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरीपण वापरलं, वाया गेलेल्या टेकसाठी. स्टिरिओ, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे मिनिटाला १७ एमबी, आणि बुवा एका अंतऱ्याचे अकरा टेक देतात. फक्त तीच गाणी घेतली ज्यांचा फोल्डर वेगळा आहे, जिथे एकाच फोल्डरमध्ये दोन-तीन प्रोजेक्ट कोंबलेत तिथे तो दुसऱ्याच्या फाइली पण फालतू समजून दाखवतो.

सी वर आता १२६ जीबी मोकळे. बघत बसावंसं वाटतं.

शनिवार

बुवा आले, पांढरी तीनमध्ये एका दमात गायले. त्या पाचव्या सिंथच्या जागी दुसऱ्यावर कानाने जुळवून एक पॅड बनवला होता, दोन तास घातले, जवळपास तसाच वाटत होता मला. ऐकवलं. बुवांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "छान झालंय. पण ते मधे बासरीसारखं काहीतरी यायचं ना, ते कुठे गेलं?"

म्हटलं बुवा, अजून मिक्स व्हायचंय.