काट्याची पावती

त्या रस्त्याची तक्रार जरा विचित्र होती. डांबरीकरणाला जेमतेम तीन वर्षं झालेली, आणि एकच लेन बसलेली. जायच्या बाजूला चाकोरीत चर पडले होते. सरळपट्टी आडवी टाकून मोजलं तर २८ मिलिमीटर. यायची बाजू मात्र धडधाकट. खडी तीच, डांबर तेच, कंत्राटदारही तोच.

भरलेल्या गाड्या जातात, रिकाम्या परततात, एवढं कुणालाही कळेल. पण अहवालात ‘कळतं’ चालत नाही, आकडे लागतात. म्हणून चाकाखाली ठेवायचे दोन वजनपाट, चार माणसं आणि लाल झेंडा घेऊन आम्ही सकाळीच रस्त्याकडेला बसलो. दंड करायचा अधिकार आम्हाला नव्हता, फक्त मोजायचं होतं. ड्रायव्हर लोकांना ते पटत नाही, हा भाग वेगळा.

अकराच्या सुमारास दोन एक्सलचा, म्हणजे पुढे एक आणि मागे एक असे चाकांचे दोन आस असलेला, एक ट्रक थांबवला. ड्रायव्हर पन्नाशीचे. खाली उतरायच्या आधीच त्यांनी काट्याची पावती पुढे केली. “साहेब, माल अंडरलोड आहे. बघून घ्या.”

पावती खरी होती. एकूण वजन १६ टन, मर्यादेच्या आत. पुढची चाकं पाटांवर घेतली: ४ टन. मग मागची जोडचाकं चढली, काटा थरथरला आणि १२ टनांवर थांबला. मला वाटलं पाट तिरका बसलाय. गाडी मागे घेऊन पुन्हा चढवली. १२ टनच.

मागे जाऊन ताडपत्री उचलली. हौद्यात पत्र्याची एकच गुंडाळी, तीही फाळक्याला जवळजवळ टेकलेली. पुढचा हौदा मोकळा.

रस्त्याला ट्रकचं एकूण वजन कळत नाही, त्याला कळतो तो एक्सल. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटवाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं, खास बांधलेल्या रस्त्यांवर सैनिकांना ट्रक चालवायला लावून हे तपासलं गेलं. त्यातून आलेला ढोबळ नियम आम्ही अजून वापरतो: नुकसान भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट, तर नुकसान सोळापट. हिशेबात आम्ही ८.१६ टनांचा एक्सल एकक धरतो. समोरचा १२ टनांचा एक्सल म्हणजे अशा साडेचारहून जास्त एक्सलांचा मार, आणि तोही कागदोपत्री अंडरलोड गाडीचा! आठ वर्षं मी ‘ओव्हरलोड, ओव्हरलोड’ म्हणत अहवाल लिहीत होतो आणि तपासत होतो काट्याच्या पावत्या.

“गुंडाळी इतकी मागे का ठेवली?” मी विचारलं.

“मी ठेवली का? क्रेनवाल्याने ठेवली. तिकडे उतरवायला सोपं जातं म्हणे. मी बोललो पुढे घे, तर म्हणाला रांगेतून बाहेर हो. पाच तास रांगेत होतो, साहेब. त्या पाच तासांचे पैसे कोण देतं?” मग थोडं थांबून, “स्टेअरिंग हलकं लागतंय, ते मलाही कळतं.”

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या अवजड वाहन कायद्यात माल पाठवणारा, भरणारा, वाहतूकदार अशा सगळ्यांवर जबाबदारीची साखळी आहे, हे मी वाचलेलं होतं. त्यांना ते सांगून काय उपयोग? क्रेनशिवाय ती गुंडाळी इंचभरही हलणार नव्हती. ती आवळलेली आहे ना, एवढं पाहिलं आणि जाऊ दिलं. गाडी चरात उतरली आणि चरातूनच गेली.

संध्याकाळी आम्ही पाट यायच्या लेनमध्ये हलवले. तोच ट्रक परत आला, रिकामा. परतीचं भाडं मिळालेलं नव्हतं. मागचा एक्सल ३ टनांच्याही आत. “आता तरी पास का?” ते हसत म्हणाले.

आमच्या तक्त्यात गाडीचा प्रकार, माल आणि प्रत्येक एक्सलचं वजन असे रकाने होते. माल कुणी भरला, याला रकानाच नव्हता. सकाळच्या नोंदीसमोर मी शेऱ्यात ‘क्रेनवाला’ एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी आकडे भरताना आमच्या ऑपरेटरने विचारलं, “सर, हे वाहनाच्या प्रकारात टाकू का?”