ब्रेकची तक्रार, बेअरिंगचं दुखणं

गाडी आली ती ब्रेकसाठी. 1967 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, लाल, तारांच्या चाकांची. मालक निवृत्त शिक्षक, सत्तरी कधीच ओलांडलेले. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणतो. वळणावळणाच्या रस्त्यावरून आलं की पहिला ब्रेक खोल जातो, लगेच दुसऱ्यांदा दाबला की पेडल जागच्या जागी, ही त्यांची तक्रार. सरळ रस्त्यावर काहीच नाही. आधीच्या गॅरेजने मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा) बदलला, ऑइलचे होज बदलले, पुन्हा पुन्हा एअर काढली. आजोबा बिलं भरून वैतागले होते. त्यातून या गाडीच्या ब्रेकला ऑइलचं एकच सर्किट, दुसरं राखीव नाही. ते दगा देतंय म्हटल्यावर माणूस घाबरणारच.

मी ऑक्सफर्डजवळ जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या गॅरेजमध्ये काम करतो. एमजीबी इथल्याच ॲबिंग्डनची. 1962 पासून 1980 साली तो कारखाना बंद होईपर्यंत पाच लाखांहून जास्त बनल्या. माझा हात बसला सांगलीत, ॲम्बेसेडरवर. दोन्हींची इंजिनं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी सिरीजची, ॲम्बेसेडरमध्ये 1489 सीसीचं, हिच्यात 1798 चं. त्यामुळे बॉनेट उघडल्यावर मला इथे परकं वाटत नाही. दुखणं मात्र बॉनेटखाली नव्हतंच.

आधी गाडी घेऊन वाँटेजच्या वरच्या टेकड्यांकडे चक्कर मारली. दोन-तीन वळणं जोरात घेतली, ब्रेकला हातभर वाव मिळेल असा सरळ पट्टा बघून पेडल दाबलं. गेलं खाली. पुन्हा दाबलं, वर आलं. उभ्या गाडीत कितीही दाबा, पेडल ठणठणीत. परत येऊन पुढची बाजू जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, डावं चाक वरून-खालून धरून हलवलं. टक, टक. आता चाकाचा हा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बेअरिंगचा असतो किंवा किंगपिनचा, म्हणजे चाक ज्याभोवती डावी-उजवीकडे वळतं त्या खिळीचा. आमच्याकडे शिकायला असलेल्या मुलीला म्हटलं, आत बसून ब्रेक दाबून धर. तिने दाबला आणि टकटक थांबली. ब्रेक दाबला की चाकासोबत फिरणारी डिस्क कॅलिपरच्या चिमट्यात पकडली जाते, चाक ज्यावर बसतं तो हब हलू शकत नाही. किंगपिन झिजला असता तर हबसकट सगळंच हललं असतं. म्हणजे बेअरिंग.

ब्रेकचा याच्याशी संबंध काय, हे आजोबांना कागदावर काढून दाखवावं लागलं. डिस्क हबवर बसवलेली असते. बेअरिंग ढिलं असेल तर वळणावर हब कलतो, डिस्कही कलते आणि पॅडना धक्का देऊन कॅलिपरचे पिस्टन आत ढकलते. पुढच्या वेळी पेडलचा पहिला दाब ती फट भरण्यातच संपतो. मास्टर सिलिंडर सोन्याचा बसवला तरी हेच होणार.

चाक काढलं. चाकाचा मधला मोठा नट डाव्या बाजूला नेहमीच्या आट्यांचा, उजवीकडे उलट्या आट्यांचा. गाडी पुढे जाताना चाक जिकडे फिरतं तिकडेच फिरवला की तो सुटतो. हबच्या बाजू कुणी अदलाबदल करून बसवल्या तर चालत्या गाडीचं चाक निघून जाऊ शकतं, म्हणून जुनी गाडी आली की मी आधी तेच बघतो. इथे सगळं ठीक. कॅलिपर सोडवून तारेने वर टांगला (होजवर लोंबकळत ठेवणाऱ्यांना मी गाडीला हात लावू देत नाही) आणि हबवर डायल गेज लावला. हब आत-बाहेर ओढला तर काटा 13 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). हवे असतात 2 ते 4.

गंमत पुढे. हबची ग्रीसची टोपी काढली, तर आतला बेअरिंगचा नट पुरता आवळलेला, तो फिरू नये म्हणून घालायची स्प्लिट पिनही नवीन. आधीच्या मेकॅनिकने नक्कीच पाना लावून पाहिला असणार आणि ‘नट घट्ट, म्हणजे बेअरिंग घट्ट’ म्हणून टोपी लावून टाकली असणार. एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग, त्यांच्यामध्ये एक नळीसारखा स्पेसर आणि शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या. नट 40 ते 70 फूट-पाउंड आवळला की दोन्ही कोन (बेअरिंगच्या आतल्या कड्या), स्पेसर, शिम हे सगळं स्टब ॲक्सलवर, म्हणजे हबच्या आतल्या आखूड दांड्यावर, एकजीव दाबलं जातं. प्ले किती राहील ते शिम ठरवतात, नट नव्हे. कुणीतरी बेअरिंग नवीन घातली होती आणि जुन्या शिम न मोजता तशाच परत लावल्या होत्या.

बेअरिंग मात्र शाबूत होती. ग्रीस दोन रंगांचं, दोन जातींचं, एकमेकांत मिसळून पातळ झालेलं. सीलमधून झिरपून डिस्कच्या आतल्या अंगापर्यंत पोचलेलं. सगळं रॉकेलमध्ये धुतलं. मुलीने वाळवायला एअर गन उचलली, तेवढ्यात तिला थांबवलं. हवेच्या झोताने कोरडं बेअरिंग भिरभिरवायला मजा वाटते, पण त्यात रोलरवर ओरखडे पडतात. चिंधीने पुसलं, उजेडात एकेक रोलर फिरवून पाहिला. निळसर डाग नाही, खड्डा नाही, कपवर (बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर) रोलरच्या अंतराचे ठसे नाहीत. प्रत्येक कोन आपल्याच कपची जोडी राहील असा वेगळा ठेवला.

ग्रीस भरायचं काम मला मनापासून आवडतं. तळहातावर लिथियम ग्रीसचा गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत ओढायची. दाबत राहिलं की पलीकडून रोलरच्या फटींतून ग्रीसच्या शेवया बाहेर येतात. थोडं फिरवायचं, पुन्हा दाबायचं. वरून फासलेलं ग्रीस रोलरखाली पोचत नाही. टोपीत ग्रीस ठासायचं नाही; गरम होऊन फुगलं की ते सीलवरच उठतं.

शिममध्ये एक 10 थाऊची होती. ती काढली, नवीन सील बसवला, चाकाचा हब फिरवत फिरवत नट आवळला. डायल गेजवर 3.

उजवीकडे वेगळाच प्रकार. स्पेसर नाहीच! नुसत्या अंदाजाने नट आवळून स्प्लिट पिन घातलेली. असंही चालतं म्हणणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते चालत नाही: कोन ॲक्सलवर दाबलेला नसल्याने हळूहळू सरकत फिरतो, आणि त्याच्या फिरण्याच्या चकचकीत खुणा या ॲक्सलवर स्पष्ट होत्या. सुदैवाने झीज मोजण्याइतकीही नव्हती. हे वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नाही, याचंही नवल नाही. 40 वर्षांवरच्या, मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांना 2018 पासून इथे दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची नाही.

नवा स्पेसर मागवायचा तर गाडी अडकून पडणार होती. आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक हे ऐकत होता. तो स्पेसर फेकून देणाऱ्यांच्या पंथातला, गेली कित्येक वर्षं आमचा यावरून वाद. काही न बोलता त्याने आपला खण उघडला. तंबाखूच्या डब्यात एमजीबींमधून काढलेले स्पेसर आणि शिमच्या पुड्या.

“फेकून देतोस म्हणालास ना?” मी विचारलं.

“गाडीतून फेकतो,” तो म्हणाला. “डब्यातून कशाला फेकू?”