एकच गोळी की वेगवेगळ्या?

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) कमी आलं म्हणून मल्टिव्हिटामिन सुरू करणं म्हणजे मनाची समजूत घालणं. त्यात लोह असलंच तर साधारण १८ मिलिग्रॅम, तेही बहुधा कॅल्शियमच्या जोडीने. आणि कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. कमतरता तपासणीत दिसली असेल तर लोह वेगळंच घ्यावं. लेबल वाचताना फसगत होते ती इथे: ३२५ मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये (लोहाच्या गोळीतला क्षार) प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅमच. चहा-कॉफी गोळीपासून दोन तास लांब. पोटाला झेपत नसेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड. हिमोग्लोबिन वर आलं की लगेच थांबू नका, साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

व्हिटामिन बी १२ न तपासता नुसतं फोलिक ॲसिड तर नकोच: बी १२ कमी असेल तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, त्या कमतरतेने होणारी मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. एकूण जेवणच तुटपुंजं असेल, तर मल्टिव्हिटामिन ठीक.