फोन वाजेल, पण कुठल्या वाडीसाठी वाजवायचा?

20 जुलै 2023 ला सकाळी महाराष्ट्रात कितीतरी जणांचे फोन एकदम कर्कश्श वाजले, स्क्रीनवर दूरसंचार विभागाचा, आपत्तीचे इशारे देणाऱ्या सिस्टीमचा टेस्ट मेसेज, दुर्लक्ष करा असं लिहिलेला. आदल्याच रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. आपले फोन वाजत होते तेव्हा बचावपथकं चिखलातून पायी वर चढत होती, कारण वाडीला रस्ताच नाही, जेसीबी वर नेता येईना. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ताच राहिली आणि शोध थांबवावा लागला.

तेव्हा बरेच जण म्हणाले की हा मेसेज एक दिवस आधी आला असता तर... मला वाटतं नसताच आला. सिस्टीम पूर्ण चालू असती तरी.

फोनची सिस्टीम चांगली आहे हे आधी सांगते. सी-डॉट ह्या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने इथेच बनवलेली, टॉवरवरून एकदाच मेसेज सुटतो आणि त्या टॉवरखालच्या सगळ्या फोनवर जातो, नंबर लागत नाही, नेटवर्कवर गर्दी असली तरी अडत नाही. देशभरच्या इशाऱ्यांच्या सिस्टीमवर, त्यात एसएमएसचे इशारेही आले, केंद्राने साडेतीनशे कोटींच्या वर मंजूर केलेत आणि ते योग्यच आहे. पण हे झालं इशारा पोचवायचं काम, तो द्यायचा कधी आणि कुठल्या वाडीला हे ठरवायचं काम वेगळं, आणि तिथे आपण फार मागे आहोत.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारने स्वतः विधानसभेत सांगितलं. तीन दिवसांत तिथे जवळपास 500 मिमी पाऊस पडला होता, हेही सांगितलं. म्हणजे पावसाचा आकडा होता, पण इतका पाऊस झाला की ह्या उतारावरच्या लोकांना खाली आणायचं, अशी त्या उतारासाठीची रेषा कुणी आखलेलीच नव्हती. ती आखायला खाली बसाल्टचा काळा कातळ, वर झिजलेला दगड-माती, त्यात पाणी किती मुरलं की थर सुटतो हे वर्षानुवर्षं मोजावं लागतं, पर्जन्यमापक लागतात, ह्यावर संशोधन करणाऱ्या पोरांना फेलोशिप द्यावी लागते. महावेध ह्या राज्याच्या हवामान प्रकल्पाची केंद्रं महसूल मंडळाच्या हिशोबाने बसवलीत, शेतीसाठी ते ठीक आहे, पण घाटात एका डोंगराच्या दोन बाजूंना पाऊस सारखा पडत नाही हे तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

दार्जिलिंग आणि निलगिरीत अशी रेषा आखायचं काम झालं, जीएसआय म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि ब्रिटिश जिओलॉजिकल सर्व्हेने मिळून, पैसा बराचसा ब्रिटनचा. त्यातूनच पुढे कोलकात्यात जुलै 2024 ला राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झालं आणि दरडीच्या अंदाजाच्या बुलेटिनची सुरुवातही त्याच जिल्ह्यांपासून झाली. मग सह्याद्री? माळीण 30 जुलै 2014 ला दरडीखाली गेलं, तळिये 2021 ला, मग इर्शाळवाडी, आणखी काय व्हायला हवंय?

पैसा नाही असं म्हणवत नाही. मिशन मौसम ह्या केंद्राच्या हवामान योजनेला 2024 मध्ये दोन वर्षांसाठी 2000 कोटी मंजूर झाले, रडार येतील, अंदाज सुधारतील, छानच. त्यातला आणि राज्याच्या आपत्ती निधीतला थोडा वाटा नाव घेऊन सह्याद्रीच्या उतारांसाठी ठेवा ना. रायगड, रत्नागिरी, सातारा, पुण्याच्या घाटातल्या वाड्यांपासून सुरुवात करा, डोंगरावरच पर्जन्यमापक बसवा आणि ते बघायला वाडीतलाच एक माणूस पगारावर ठेवा, पावसाळ्याचे चार महिने तरी. त्याच्याकडे वॉकीटॉकी आणि भोंगा असू दे, कारण अशा वाड्यांवर पावसात लाईट जाते, रेंज जाते आणि मग टॉवरवरचा मेसेज कुणाच्याच फोनवर येत नाही. आणि खाली उतरवलेल्या माणसांना रात्री झोपायला पक्की शाळा किंवा हॉल, जनावरांना गोठा हेही त्याच बजेटमध्ये धरा, नाहीतर गुरं सोडून रात्री कुणी खाली येणार नाही.