फ्रिक्वेन्सी बदलल्यावर किती थांबायचे?

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओसाठी, म्हणजे सिग्नलवरचे बहुतेक काम संगणकावर करणाऱ्या रेडिओसाठी, स्वतःचा स्कॅनर (अनेक चॅनल आळीपाळीने ऐकणारा प्रोग्रॅम) लिहायला घेतलेले लोक मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: ट्यूनरला, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी पकडणाऱ्या भागाला, नवी फ्रिक्वेन्सी दिल्यानंतर प्रोग्रॅमने किती मिलिसेकंद थांबावे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आकडा पुढे येईलच, पण त्याआधी हातात आलेले सॅम्पल (सिग्नलचे एका क्षणाचे मोजमाप) कोणत्या फ्रिक्वेन्सीचे आहे हे प्रोग्रॅमला ठामपणे माहीत असायला हवे. ते माहीत नसेल तर कितीही थांबलात तरी नोंदी चुकतात.

माझा पहिला स्कॅनर आरटीएल२८३२यू चिप आणि आर८२०टी२ ट्यूनर असलेल्या डोंगलवर (यूएसबीला लावायच्या छोट्या रिसीव्हरवर) चालत असे. वीस चॅनलांची यादी, प्रत्येक चॅनलवर १०० मिलिसेकंद मुक्काम आणि सिग्नल ठरावीक पातळीच्या वर गेला की नोंद, एवढेच त्याचे काम होते. काही दिवसांनी नोंदी वाचताना लक्षात आले की एका गजबजलेल्या चॅनलनंतर यादीत जो चॅनल होता, त्यावरही जवळजवळ तितकेच संभाषण दिसत होते. दोघांत कित्येक मेगाहर्ट्झचे अंतर असल्याने एकाची गळती दुसऱ्यात होणे शक्य नव्हते. मी यादी उलटी करून चालवली, तेव्हा तो खोटा सिग्नल आधीचा चॅनल सोडून गजबजलेल्या चॅनलच्या दुसऱ्या शेजाऱ्यावर जाऊन बसला. हवेतल्या सिग्नलला माझ्या यादीचा क्रम माहीत असण्याचे काहीच कारण नाही, त्यामुळे दोष प्रोग्रॅममध्येच आहे हे तेथे नक्की झाले. ही उलट्या यादीची परीक्षा मी आजही प्रत्येक नव्या स्कॅनरवर करतो.

कारण बफरमध्ये, म्हणजे सॅम्पल तात्पुरती साठवण्याच्या जागेत, होते. हे डोंगल चालवणाऱ्या लिबआरटीएलएसडीआर या लायब्ररीचा नेहमीचा बफर २,६२,१४४ बाइटचा असतो. प्रत्येक सॅम्पलला दोन बाइट लागतात, त्यामुळे त्यात १,३१,०७२ सॅम्पल मावतात आणि सेकंदाला २०,४८,००० सॅम्पल या वेगाने तो भरायला ६४ मिलिसेकंद लागतात. बफर अर्धा भरलेला असताना फ्रिक्वेन्सी बदलली, तर त्याच बफरच्या सुरुवातीला जुना चॅनल, मध्ये ट्यूनरचा पीएलएल (फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारे सर्किट) नव्या जागी स्थिरावत असतानाचा निरुपयोगी पट्टा आणि शेवटी नवा चॅनल, असे तिन्ही एकत्र येतात. माझ्या रचनेत याहून गंभीर असा आणखी एक दोष होता. प्रक्रिया करणारा थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारे काम) रांगेतून बफर उचलल्यानंतर ‘सध्याची फ्रिक्वेन्सी’ एका सामायिक व्हेरिएबलमधून वाचत असे. रांगेत दोन बफर साचले की व्हेरिएबल पुढच्या चॅनलवर गेलेले असे आणि सॅम्पल मात्र मागच्याच चॅनलचे असत.

आता मी फ्रिक्वेन्सी बफरलाच जोडतो. प्रत्येक बदलाला एक चढता क्रमांक मिळतो, आणि बफर कॉलबॅकमध्ये, म्हणजे भरलेला बफर हाती देण्यासाठी लायब्ररी बोलावते त्या फंक्शनमध्ये, पोहोचल्या क्षणी त्यावर तो क्रमांक व फ्रिक्वेन्सी लिहिली जाते. पुढे तो बफर रांगेत कितीही वेळ पडून राहिला तरी त्याची ओळख बदलत नाही. फ्रिक्वेन्सी बदलण्याचे फंक्शन परतल्यानंतर येणारा पहिला बफर मी टाकून देतो, कारण तो आधीच भरू लागलेला असतो, आणि स्थिरावण्याचा काळ पुढच्या बफरमध्ये सांडू शकतो म्हणून दुसराही टाकतो. हे परवडावे यासाठी बफर १६,३८४ बाइटचा, म्हणजे ४ मिलिसेकंदांचा ठेवतो. तेव्हा तुम्हाला हवा असलेला आकडा माझ्यापुरता ८ मिलिसेकंद आहे, पण तो टाकून दिलेल्या सॅम्पलांतून मोजलेला आहे, घड्याळाकडे पाहून नाही.

याच डोंगलसाठीच्या आरटीएल-पॉवर या तयार प्रोग्रॅममध्ये फ्रिक्वेन्सी बदलल्यावर ५ मिलिसेकंद थांबून ४,०९६ बाइट वाचून टाकले जातात, हे पाहून अनेक जण तेवढी झोप आपल्या प्रोग्रॅममध्ये उचलून ठेवतात. तो प्रोग्रॅम हवे तेव्हा हवे तेवढेच वाचतो, म्हणून तेथे ती पद्धत चालते. अखंड प्रवाह वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक थ्रेड झोपलेला असताना रांगेतले जुने बफर जसेच्या तसे राहतात. शिवाय फ्रिक्वेन्सी बदलण्याचे फंक्शन कॉलबॅकच्या आतून कधीही बोलावू नका. ते यूएसबीवरून उत्तराची वाट पाहते आणि उत्तर हाताळणारा थ्रेड तुम्हीच अडवून धरलेला असतो, त्यामुळे सगळे जागच्या जागी थिजते. त्यासाठी वेगळा थ्रेड ठेवा. लायब्ररीला ‘आता कोणती फ्रिक्वेन्सी आहे’ असे विचारून खात्री करू पाहणेही व्यर्थ आहे, कारण ती तुम्हीच दिलेला आकडा परत करते. यूएसआरपीसारख्या अधिक सक्षम रेडिओ उपकरणांत हे काम बरेच सुखाचे होते. ग्नू रेडिओ या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या प्रवाहातल्या सॅम्पललाच फ्रिक्वेन्सीची खूण (टॅग) लागलेली येते.

अर्थात, ट्यूनर हलवावाच न लागणे हे सर्वांत उत्तम. विमानांच्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात २५ किलोहर्ट्झच्या अंतराने ७६० चॅनल बसतात. प्रत्येकासाठी ट्यूनर हलवून ८ मिलिसेकंद टाकले आणि १० मिलिसेकंद ऐकले, तर फंक्शनला लागणारा वेळ सोडूनही एक फेरी साडेतेरा सेकंदांहून लांबते, आणि तेवढ्या वेळात एखादा छोटा संदेश सुरू होऊन संपलेला असतो. त्याऐवजी एका वेळी दिसणाऱ्या २.०४८ मेगाहर्ट्झच्या खिडकीतला कडांचा दबलेला भाग सोडून मधला १.६ मेगाहर्ट्झ वापरला, तर १२ खिडक्यांत सगळा पट्टा येतो आणि तीच फेरी सुमारे २१६ मिलिसेकंदांत पूर्ण होते. २,०४८ बिंदूंच्या एफएफटीत (सिग्नलची फ्रिक्वेन्सीनुसार विभागणी करणाऱ्या गणितात) प्रत्येक बिन, म्हणजे कप्पा, बरोबर १ किलोहर्ट्झचा होतो, त्यामुळे प्रत्येक चॅनलच्या वाट्याला २५ बिन येतात. ज्या रिसीव्हरमध्ये खिडकीच्या मध्यावर खोटा सुळका दिसतो, तेथे मध्यबिंदू कोणत्याही चॅनलवर पडणार नाही असा निवडावा. खिडकीच्या आतला चॅनल सॉफ्टवेअरमधल्या ऑसिलेटरने (प्रोग्रॅमने तयार केलेल्या लहरीने) मध्यावर सरकवता येतो, आणि हा बदल कोणत्या सॅम्पलपासून लागू झाला हे तुम्हाला तंतोतंत ठाऊक असते.

येथे एक बारकावा सांभाळावा लागतो. त्याच सिग्नलवर थोडी फ्रिक्वेन्सी सुधारत असाल, तर ऑसिलेटरची फेज, म्हणजे लहरीची त्या क्षणाची स्थिती, जशी आहे तशी पुढे चालू ठेवा. ती शून्यावर आणलीत तर आवाजात टक् असा खटका येतो. याउलट, दुसऱ्याच चॅनलवर जात असाल तर फिल्टरमध्ये उरलेली जुनी सॅम्पल, सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या एफएम डिमॉड्युलेटरने लक्षात ठेवलेले मागचे सॅम्पल आणि स्क्वेल्चची (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणाऱ्या भागाची) चालू सरासरी हे सारे पुसून टाका. पार्श्वभूमीच्या गोंगाटाची पातळी मात्र प्रत्येक खिडकीसाठी स्वतंत्र जपून ठेवा, कारण ती खिडकीगणिक वेगळी असते आणि दर फेरीला नव्याने मोजण्याइतका वेळ नसतो.

फ्रिक्वेन्सी नेहमी पूर्णांक हर्ट्झमध्ये साठवा. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात) १३४ मेगाहर्ट्झच्या थोड्या पुढे दोन लगतच्या संख्यांत १६ हर्ट्झचे अंतर पडते, आणि विमानांच्या पट्ट्यातली ८.३३ किलोहर्ट्झची पायरी पुन्हापुन्हा मिळवत गेलात तर ही चूक साचत जाते. पायरी मिळवत न जाता २५ किलोहर्ट्झचे तीन भाग करून प्रत्येक चॅनल मुळापासून मोजावा. पूर्णांकही ६४ बिटांचा घ्या, कारण ३२ बिटांचा चिन्हरहित पूर्णांक ४.२९ गिगाहर्ट्झच्या आसपास संपतो आणि हॅकआरएफ हा रेडिओ ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो.

रिसीव्हरची फ्रिक्वेन्सी ज्यावर बेतलेली असते त्या क्रिस्टलच्या चुकीची दुरुस्ती अगदी एकाच ठिकाणी लावा. ५० पीपीएमची (दहा लाखांत ५० भागांची) चूक ४०० मेगाहर्ट्झवर २० किलोहर्ट्झ भरते, म्हणजे १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलांत तुम्ही एक चॅनल ओलांडून पुढे गेलेले असता. ती लायब्ररीलाही सांगितली आणि सॉफ्टवेअरमधल्या ऑसिलेटरलाही लावली, तर चूक उलट्या दिशेने तेवढीच उरते. मी ती फक्त लायब्ररीला देतो, आणि प्रोग्रॅममधली प्रत्येक यादी, प्रत्येक नोंद व प्रत्येक बफरवरचा आकडा हवेतल्या खऱ्या फ्रिक्वेन्सीचाच ठेवतो.