कोडं २४: भाचीने दोन घड्या घातल्या आणि तीन आठवडे पाण्यात

मागच्या वेळी छाती काढून लिहिलं होतं की २४ तयार आहे, फक्त छापायचं बाकी. ते शब्द परत घेते.

हे बोंगार्ड धाटणीचं कोडं: डावीकडे सहा आकृत्या, उजवीकडे सहा, आणि दोन्ही बाजूंना वेगळं करणारा नियम सोडवणाऱ्याने ओळखायचा. २४चा नियम असा. डावीकडच्या सहा आकृत्या पेन न उचलता आणि कुठलीही रेघ दुसऱ्यांदा न गिरवता काढता येतात, उजवीकडच्या सहा येत नाहीत. शाळेत वहीच्या मागच्या पानावर आपण सगळ्यांनी ते छपराचं पाकीट काढलंय: चौकोन, आत फुली, वर त्रिकोण. ते जमतं. छप्पर काढून टाकलं की नुसतं पाकीट उरतं, ते मरेपर्यंत जमत नाही. या जोडीवरूनच कोडं सुचलं होतं.

पहिल्या आवृत्तीत डावीकडे छपराचं पाकीट, समभुज त्रिकोणात एक मध्यगा, बाजूला सरकलेली जीवा असलेलं वर्तुळ, एकमेकांत अडकलेली लहानमोठी वर्तुळं, मासा आणि गोगलगाईसारखी गुंडाळी. उजवीकडे नुसतं पाकीट, चार तावदानांची खिडकी, ओळीतले तीन चौकोन, अधिकचं चिन्ह, दोन व्यासांचं वर्तुळ आणि तिन्ही मध्यगा असलेला त्रिकोण. मी खूश. चौथीतल्या भाचीला दिलं. तिने पेन हातात घेतलंच नाही. आकृत्या कापल्या, घड्या घातल्या आणि पाचव्या मिनिटाला म्हणाली, "मावशी, उजवीकडची सगळी दोन-दोन तऱ्हांनी घडी होतात. डावीकडची एकाच तऱ्हेने. आणि ही गोगलगाय तर होतच नाही."

बरोबर! बाराच्या बारा! उजवीकडे प्रत्येक आकृतीला किमान दोन सममिती अक्ष, डावीकडे फार तर एक. इतकी स्वच्छ चोरवाट मी ठरवून ठेवली असती तरी जमली नसती. पेन-न-उचलता येण्यापेक्षा तिचं उत्तर सोपं आहे, म्हणजे कोडं तिचं झालं, माझं नाही.

मग दुरुस्ती. डावीकडे ओळीतले दोन चौकोन आणले (दोन अक्ष, तरी जमतात), त्रिकोण विषमभुज केला, मासा काढून वर्तुळात बसवलेली पाच टोकांची चांदणी घातली. उजवीकडे वाकडातिकडा 'वाय' आणि मधून तीन त्रिज्या निघालेलं वर्तुळ. घडी मेली. पण लगेच दुसरी शंका, उजवीकडे गजबज जास्त आहे म्हणून तर ओळखू येत नाही? त्याला चांदणी आणि 'वाय' पुरतात. चांदणीच्या वर्तुळात अकरा बंद खण आहेत आणि ती डावीकडे, 'वाय'मध्ये एकही नाही आणि तो उजवीकडे. गुंडाळीला दोन मोकळी टोकं आहेत, त्यामुळे 'मोकळी टोकं' हेही उत्तर चालत नाही. या एका गुंडाळीवर माझा फार जीव आहे.

आता खरा मनस्ताप. ऑफिसातल्या एका मित्राला छापील प्रत दिली. चहा गार होईपर्यंत तो छपराच्या पाकिटाशी झटत बसला आणि शेवटी म्हणाला, हे चुकीच्या बाजूला आहे. मी हसले. मग भिंग घेऊन बघितलं. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात फुलीची रेघ कोपऱ्याला टेकतच नव्हती. जेमतेम अर्धा मिलिमीटर.

हिशेब करून बघा. जिथे विषम संख्येने रेघा मिळतात ती विषम जागा; अशा जागा शून्य किंवा दोन असतील तरच आकृती पेन न उचलता जमते. छपराच्या पाकिटात खालच्या दोन कोपऱ्यांना तीन-तीन रेघा, वरच्या दोघांना चार-चार, शेंड्याला दोन, मध्यात चार. विषम जागा दोनच, म्हणून जमतं. वरच्या कोपऱ्यात फट पडली की तिथे तीन उरतात आणि मोकळ्या टोकाला एक. विषम जागा झाल्या चार. अर्ध्या मिलिमीटरने आकृतीने पक्ष बदलला!

चूक माझीच. ओळख पटू नये म्हणून पाकीट सात अंश फिरवलं होतं आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्नॅप (रेघ आपोआप चिकटवणारी सोय) ग्रिडला, म्हणजे पानावरच्या जाळीला लावलेला, नोडला, म्हणजे रेघांच्या टोकांना नाही. फिरवलेले कोपरे ग्रिडवर पडत नाहीत, रेघ जवळच्या ग्रिडबिंदूला जाऊन चिकटली. माझं मत विचाराल तर ग्रिड बंदच ठेवा, फक्त नोड चालू. आलेखाच्या कागदावर शाईने काढणाऱ्यांना हा त्रास नाही, पण त्या हिरव्या रेघा स्कॅनमधून घालवताना नाकी नऊ येतात. जेल पेन तर या कामाला नकोच, कोपऱ्यात शाई साचून दोन जागांची एक दिसते.

मित्राचं उत्तर मात्र मजेदार निघालं. तो फट असलेलं पाकीट सोडून म्हणाला, "डावीकडे विषम रेघांच्या जागा दोन किंवा शून्य, उजवीकडे चार किंवा जास्त." ही चोरवाट नाही. जोडलेल्या आकृत्यांसाठी ही दोन्ही उत्तरं एकच आहेत. १७३६ साली गणितज्ञ ऑयलरने क्योनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांवर (सगळे एकेकदाच ओलांडून फिरता येईल का?) हेच धरलं होतं, तिथले चारही भूभाग विषम. म्हणजे एक जण बोटाने गिरवून पोचतो, दुसरा मोजून. या धाटणीची कोडी पहिल्यांदा रचणाऱ्या सोव्हिएत शास्त्रज्ञ बोंगार्डच्या १९६७ च्या पुस्तकातल्या शंभर कोड्यांत पहिलंच कोडं 'रिकामी चौकट विरुद्ध काहीतरी असलेली' आहे, नजर टाकली की झालं. माझं तसं नाही, पण मला ते खुपत नाही.

त्यावरून वाटलं, उजवीकडे नेमक्या तीन विषम जागांची एक आकृती घालावी, मोजणाऱ्याची गंमत. रविवारची सकाळ गेली. होणारच नाही, प्रत्येक रेघेला दोन टोकं असतात, विषम जागा नेहमी जोडीनेच येणार! हे मला येतं, तरी काढत बसले.

२५ म्हणून डावीकडे शून्य आणि उजवीकडे दोन विषम जागा असं करणार होते (निघालो तिथेच परत विरुद्ध भलतीकडे पोचलो). पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलंय. ती फट चूक कशाला म्हणायची? नुसतं पाकीट काढून त्याच्या जागी फट असलेलं छपराचं पाकीट उजवीकडे ठेवावं, फट तीन मिलिमीटरची, भिंगाशिवाय दिसेल अशी. मग दोन्हीकडे तेच चित्र, फरक एका कोपऱ्याचा. खिडकीला आणि तीन चौकोनांना मोकळं टोक नाही, म्हणून 'फट' हे उत्तर तिथे अडकेल. २५ थांबेल.

नवी प्रत आज रात्री छापते. भाची शनिवारी येणार आहे, त्याआधी बाराही आकृत्या कापून मीच घड्या घालून बघते.