ऑडॅसिटीत अर्ध्या तासाचं वाचन साफ करताना

ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करून सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एकट्या आवाजाच्या कामाला पुरून उरतं. माझं काम ठरतं ते इफेक्ट्सच्या (आवाजावर करायच्या प्रक्रियांच्या) क्रमावर.

रेकॉर्डिंग मोनो (एकाच चॅनेलचं), सेकंदाला 44100 नमुने म्हणजे 44100 हर्ट्‌झ. आवाजाची टोकं -12 ते -6 डेसिबलमध्ये राहतील इतकाच गेन (माइकची आवाजपातळी). आवाज 0 डेसिबलच्या वर जाऊन टोक कापलं गेलं तर 'क्लिप फिक्स' आहे, पण ते ठिगळच. वाचनाआधी पाच सेकंद गप्प बसतो. पंखा चालू राहणार असेल तर त्या पाच सेकंदांतही चालूच हवा.

आधी 80 हर्ट्‌झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचा खर्ज कापणारा), म्हणजे 'प', 'फ', 'भ'चे माइकवरचे धक्के कमी होतात. मग शांततेचा तुकडा निवडून नॉइज रिडक्शन या इफेक्टमध्ये 'गेट नॉइज प्रोफाइल', म्हणजे घरघर कशी आहे ते त्याला कळतं. लगेच पूर्ण ट्रॅक निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडून लावायचा. ट्रॅक निवडायचा राहिला तर फक्त ते पाच सेकंदच साफ होतात! रिडक्शन मी 8-9 डेसिबलवर ठेवतो. जास्त ओढलं की 'स' आणि 'श' पाण्याखालून आल्यासारखे होतात. खात्रीसाठी 'रेसिड्यू' (काढून टाकलेला भाग) निवडून प्रीव्ह्यू ऐकतो. काढलेल्या कचऱ्यात शब्द ओळखू आले तर कात्री फार खोल गेली.

हा उपाय पंख्याच्या एकसुरी घरघरीवर चालतो, कुकरच्या शिट्टीवर नाही. खोलीच्या घुमण्यावरही मूळ ऑडॅसिटीत नेमका इफेक्ट नाही. त्याला भिंतीवर गोधडी टांगणंच बरं.

कम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणारा) यानंतरच. आधी लावला तर तो पंख्यालाही वर उचलतो. पुढे लाउडनेस नॉर्मलायझेशन (एकूण आवाज ठरलेल्या पातळीवर आणणं), पॉडकास्टसाठी -16 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप). मोनोला ड्युअल मोनो (दोन्ही स्पीकरवर तोच आवाज) धरायची खूण तशीच ठेवायची. काढली तर फाइलचा आवाज 3 डेसिबलने मोठा होतो. शेवटी -1 डेसिबलवर लिमिटर (त्यावर आवाज जाऊ न देणारा).

ऑडॅसिटीच्या 3.2 आवृत्तीपासून काही इफेक्ट चालू आवाजावर लावून नंतर बदलता येतात. नॉइज रिडक्शन त्यात नाही, ते ट्रॅकवरच कोरलं जातं. म्हणून मूळ प्रत मी आधीच वेव्ह फाइल म्हणून वेगळी ठेवतो. अंडूचा (केलेला बदल मागे घ्यायचा) इतिहास प्रोजेक्ट बंद केला की संपतो, आणि उघडा असेपर्यंत जागा खातो: 32-बिट मोनो मिनिटाला साधारण 10.6 एमबी, अर्ध्या तासाला 318. पूर्ण ट्रॅकवरच्या प्रत्येक इफेक्टला पुन्हा तेवढेच.

फोनवरची एमफोरए फाइल विंडोजवर उघडायला एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं. आणि कोणाला पाठवायची ती एक्स्पोर्ट केलेली एमपी3. एयूपी3 ही ऑडॅसिटीची प्रोजेक्ट फाइल त्यांच्या प्लेअरमध्ये वाजणार नाही.